ओवाळणीतलं नाणं

भाऊबीजेला दुपारी सव्वा वाजता कॅज्युअल्टीतून चिठ्ठी आली. वय दोन वर्षं, नाणं गिळलं, छातीचा एक्स-रे. पुण्यात दिवाळीत अशी चिठ्ठी येतेच. तबकात सुपारीशेजारी रुपया ठेवलेला असतो आणि पाटाजवळ लहानगं खेळत असतं.

एक्स-रे काढणं हे माझं काम. चिठ्ठीत नाणं म्हटलं तरी मी नुसती छाती काढत नाही. जबड्यापासून ओटीपोटापर्यंत सगळं एकाच फोटोत घेते, कारण वस्तू घशातही असू शकते, पोटातही, आणि कधी कधी एकाऐवजी दोन निघतात. त्याआधी झब्ब्याची धातूची बटणं, गळ्यातला दोरा, कमरेचा चांदीचा करदोटा उतरवायचा. आमच्यातले काही जण घाईत हे टाळतात आणि मग बटणाच्या सावलीवर डॉक्टरांची दहा मिनिटं जातात. करदोटा सोडताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराच्या तोंडातून सारखी लाळ गळत होती, थुंकीही गिळता येत नव्हती.

फोटोत छातीच्या वरच्या भागात गोल सावली दिसली. नवीन एक रुपयाचं नाणं 20 मिलिमीटरचं असतं आणि 2032 नंबरचा बटण सेल, म्हणजे छोट्या रिमोटमधला चपटा गोल सेल, तोही 20 मिलिमीटरचा, त्यामुळे आकारावरून काही कळत नाही. कडा मोठी करून उजेड कमी-जास्त केला, तर नाण्याची कड एकसंध दिसते. सेलच्या कडेच्या आत दुसरं बारीक कडं दिसतं. ते दिसल्यासारखं वाटलं. दारात सात वर्षांची ताई उभी होती. बाजूने दुसरा फोटो घेण्याआधी तिला विचारलं, "बाळा, नाणं कितीचं होतं गं?"

ती हळूच म्हणाली, "नाणं नव्हतंच, काकू. लाइटच्या पणतीतला सेल होता. मीच काढला होता."

बाजूच्या फोटोत पायरी स्पष्ट दिसली. सेलची एक बाजू दुसरीपेक्षा अरुंद असते, तीच ऋण बाजू. मी डॉक्टरांना फोन केला तेव्हा गिळून पावणेतीन तास झाले होते.

सेल फुटतो, त्यातलं रसायन गळतं, असं लोकांना वाटतं. मुख्य इजा तशी होत नाही. ओल्या अन्ननलिकेत अडकलेल्या सेलमधून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला तीव्र अल्क, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखं दाहक रसायन, तयार होऊन मांस जाळतो. दोन तासांत गंभीर इजा होते. ज्यावर खेळणं चालेनासं झालंय, त्या सेलमध्येही जाळण्याइतकी वीज उरलेली असते.

त्या पावणेतीन तासांत काय झालं होतं? जवळच्या एका दवाखान्यात "केळं द्या, शौचावाटे पडेल" असं सांगितलं गेलं. एक्स-रे न काढता हा सल्ला देणं मला अक्षम्य वाटतं. केळं खाऊन पोर ओकलं. पोट रिकामं होण्याची वाट न बघता भूल देऊन दुर्बिणीने सेल काढला. अन्ननलिकेत काळा डाग होता.

घरात मध होता. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, म्हणजे 10 मिलिलिटर मध द्यावा. जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने जळणं थोडं मंदावतं, सेल निघत नाही, म्हणून मधासाठी थांबायचं नाही. बाकी काही खायला-प्यायला द्यायचं नाही, ओकारी काढायची नाही.

खेळण्याच्या सेलच्या झाकणाला बहुधा स्क्रू असतो. या पणत्या शोभेच्या, झाकण नखाने उघडतं. वजनकाटा, गाडीची चावी, छोटे रिमोट हेही घरी उलटे करून बघा. वापरलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

पण मला छळतं ते ताईचं गप्प राहणं. सकाळी पणती उघडल्याबद्दल तिला एक धपाटा बसला होता. नाणं हरवल्याची आरडाओरड सुरू झाली तेव्हा खरं काय ते तिला एकटीला माहीत होतं, आणि दुसरा धपाटा नको होता.

महिन्याभराने पोर बेरियमच्या तपासणीला, म्हणजे औषध पाजून अन्ननलिकेचा एक्स-रे काढायला, आलं. अन्ननलिका एका जागी किंचित अरुंद झाली आहे; पुन्हा बघावं लागेल. ताई सोबत आली नव्हती.

आता अशी चिठ्ठी आली की घरातल्या मोठ्या भावंडाला मी आत बोलावते, आईबाबांना दोन मिनिटं बाहेर थांबवते आणि मगच विचारते.