त्या झाडामागे

मेलबर्नच्या ओकली भागात आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच जानेवारीत शेजारच्या आजी कुंपणापाशी वाकून काहीतरी खुडत होत्या. जवळ जाऊन बघते तर माठ! आपला हिरवा माठ. इथे लोक त्याला तण समजून औषध मारतात. "आम्हीपण खातो हे," म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्यांच्या ग्रीकमध्ये ही 'व्लीता'. उकडायची, पाणी निथळून टाकायचं, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू. ना लसूण, ना मिरची. (मला ते पथ्याचं जेवण वाटतं. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

मग त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"इंडिया."

"देश नाही विचारला. गाव."

इथे आल्यापासून इतक्या खोलात कुणी शिरलं नव्हतं. मी म्हटलं, गुहागरच्या अलीकडे. त्यांनी अशी मान डोलावली, जशी काही त्यांची एखादी नणंद तिथेच दिली होती.

गावाला ग्रीकमध्ये 'होर्यो' म्हणतात. अथेन्समध्ये जन्मलेला माणूससुद्धा होर्यो विचारलं की आजोबांचं गाव सांगतो. लालबागेत वाढलेला चाकरमानी 'मालवण' म्हणतो, तसंच. मुंबईत जशी गावोगावची मंडळं, तशी मेलबर्नमध्ये ग्रीकांची. एकट्या इथाका बेटावरून आलेल्यांची संस्था इथे १९१६ पासून आहे.

याया (नातवंडं आजीला याया म्हणतात, म्हणून मीही) १९६३ साली, एकोणिसाव्या वर्षी आल्या. ग्रीसच्या पिरेयस बंदरातून सुएझमार्गे, 'पात्रिस' नावाच्या बोटीने. पात्रिस म्हणजे मायभूमी. मायभूमीत बसून मायभूमी सोडायची! बोटीला नाव देणाऱ्याला हे सुचलं नसेल का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. यायांना पडत नाही. त्यांना आठवतं ते एवढंच, की बोट लागली होती आणि कुणीतरी लिंबू हुंगायला दिलं होतं.

त्यांची ग्रीकही १९६३ चीच. तिच्यात इथल्या इंग्रजीचा मसाला पडलाय. बाजार म्हणजे 'मार्केता', मोटार म्हणजे 'कारो'. पण ग्रीसमध्ये कारो म्हणजे जनावर जुंपायची गाडी. बऱ्याच वर्षांनी गावी गेल्या, उशिरा पोचल्या आणि म्हणाल्या, वाटेत कारो बंद पडली. भावाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आणि खेचराला कुठे बांधलंस?" मराठीत हा विनोद होणारच नाही. आपली 'गाडी' बैलांवरही चालते, पेट्रोलवरही.

ईस्टर तिकडे वसंतात, इथे पानगळीत. तरी शनिवारी मध्यरात्री चर्चमधली ज्योत मेणबत्तीवर घरी आणायचीच. नातू काचा बंद करून बैलगाडीच्या वेगाने मोटार हाकतो, मागच्या सीटवर याया ज्योतीला हाताचा आडोसा धरून. घरी पोचल्यावर दाराच्या वरच्या चौकटीवर काजळीने क्रूस काढतात. त्या चौकटीवर ते दर वर्षीचे काळे डाग एकावर एक बसलेत. रंगाऱ्याने एकदा पुसायला काढले, तर त्याला कॉफी न देता परत पाठवलं.

गेल्या महिन्यात नातवाने टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर गूगल मॅपवर त्यांचं गाव उघडलं, ग्रीसमधल्या कलामाता शहराच्या वरच्या डोंगरातलं. मी मुद्दाम गेले होते बघायला. याया उठून पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. "पुढे. अजून पुढे. थांब. मागे घे." रस्ता, विजेचा खांब, सिमेंटचा कट्टा, पुढे रान.

"याया, इथे काही नाहीये."

घर सप्टेंबर १९८६ च्या भूकंपात पडलं, हे त्यांनाच सगळ्यांत आधी फोनवर कळलं होतं. तरी त्यांनी बोट टेकवलं. "त्या अंजिराच्या झाडामागे बघ."

नातवाने माझ्याकडे बघितलं. मग यायांनीच विषय बदलला. "आता तुझं दाखव."

गूगलची कॅमेऱ्याची गाडी आमच्या पाखाडीत शिरलेलीच नाही. मुख्य रस्त्यावरून दिसला तो चिऱ्यांचा गडगा, शेवाळलेला, आणि एक फणस.

"घर कुठेय?"

मीही उठले आणि पडद्यावर बोट ठेवलं.