परीक्षा अर्धी, मग दोनदा का?

तुम्ही विचारलंत म्हणून. तसं सगळेच विचारतात. आत्या तर दर गणपतीत, "परीक्षा अर्धी झाली मगे दोनदा कित्याक दिलंस गो?" जीआरई, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी देतात ती परीक्षा, २०२३च्या सप्टेंबरात पावणेचार तासांवरून १ तास ५८ मिनिटांवर आली, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

प्रश्न कमी झाले तसा वेळही कमी झाला. क्वांटच्या, म्हणजे गणिताच्या, एका भागात आधी ३५ मिनिटांत २० प्रश्न असत, आता पहिल्या भागात २१ मिनिटांत १२. एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं तेव्हाही, आताही. सोपं झालं ते फक्त बसणं. आणि मी फेब्रुवारीपासून बसायचीच तर तयारी केली होती! पडवीत सलग चार चार तास, लाइट गेली तरी न उठता.

माझी तारीख ऑगस्टची होती. नवा नमुना जाहीर झाल्यावर मीच ती पुढे ढकलली. घरी सांगितलं, गणपती करून जाते. खरं कारण, मला त्या चार तासांची धास्ती होती. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, जे कमावलं होतंस तेच का सोडलंस? ती म्हणेल, तुझी पाठ दुखत नव्हती. तेही खरंच.

२२ सप्टेंबरला नवा नमुना सुरू झाला. घरी त्या दिवशी गौरीपूजन. २३ला विसर्जन, २४ला कणकवलीहून मुंबईची तुतारी एक्सप्रेस. मुंबईकर परतत होते, डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रभर दाराशी बॅगेवर बसले.

२५ला दुपारी पेपर. क्वांटचा चौथा प्रश्न, वर्तुळातला त्रिकोण. येणारा होता. सोडून पुढे जाता येतं, नंतर परत येता येतं, हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं. तरी कच्च्या कागदावर तेच वर्तुळ काढत राहिले. वीस प्रश्नांत एखाद्यावर पाच मिनिटं गेली तर भरून काढता यायची, हा हिशोब हातात मुरलेला. मान वर केली तेव्हा नऊ मिनिटं उरली होती आणि आठ प्रश्न. शेवटचे तीन न वाचताच टिचकवले.

पहिला भाग कसा गेला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. माझा दुसरा भाग सोपा आला. एकेक उत्तर झटकन येत होतं आणि पोटात खड्डा पडत होता. शेवटी पडद्यावर १५७. घरी सरावात १६५ यायचे.

नोव्हेंबरात पुन्हा दिली, १६४ आले. नमुना तोच, मिनिटं तीच. आत्याला मी गाडीतल्या गर्दीचं सांगते. ते खोटं नाही. त्या रात्री झोप मिळाली असती तर? माहीत नाही. कधी वाटतं ऑगस्टातच द्यायला हवी होती, कधी वाटतं तेव्हाही मी अशीच अडकले असते.

कच्चा कागद केंद्रावर परत घेतात, नाहीतर दाखवला असता. वर्तुळ तीनदा गिरवलेलं होतं.