धार कुठवर जाते?

गेली दोन वर्षं ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक मुलग्याच्या आईला मी एक प्रश्न विचारते, मग तो हर्नियासाठी आलेला असो की नुसते टाके दाखवायला. याची लघवीची धार कशी आहे? उभं केलं तर कुठवर जाते? काही जणी लाजतात. शहरातल्या बऱ्याच जणींना सांगताच येत नाही, कारण मूल दोन वर्षांचं होईतो डायपरमध्ये असतं आणि धार घरात कुणी पाहिलेलीच नसते.

हा प्रश्न मला एका आजींनी शिकवला. शिकवला तेव्हा मी शिकले नाही.

त्यांचा नातू पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा चौदा महिन्यांचा होता. जत तालुक्यातून पहाटेच्या एसटीने आई आणि आजी त्याला घेऊन आल्या होत्या. हातात चिठ्ठी: ‘फायमोसिस, सुंता करावी.’ अशा चिठ्ठ्या मला आठवड्याला पाच-सहा येतात. फायमोसिस म्हणजे शिश्नाची कातडी मागे न सरकणं. या वयात ते नैसर्गिकच असतं. पुढे बहुतेकांची आपोआप सुटते. रोज तेल लावून ती मागे ओढायला सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या ओढाताणीत बारीक चिरा पडतात, त्या भरताना कातडी आवळते आणि नसलेला आजार खरोखर होऊन बसतो. त्यामुळे नको ते ऑपरेशन टाळलं की मला त्या दिवशी काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटतं.

मी कातडी पाहिली. ऑपरेशनची गरज नाही म्हटलं, मलम लिहिलं. आजी म्हणाल्या, “बाई, धारच पडत न्हाई ह्याची. गळतंय नुसतं. ह्याचा बाप ह्या वयात भिंत भिजवायचा.”

“कातडी सुटली की धारही सुटेल, आजी,” मी म्हटलं. बाहेर चाळीस पेशंट होते. बेंबीखाली हात ठेवून मूत्राशय लागतंय का, एवढंही मी पाहिलं नाही.

सोळा महिन्यांनी तो परत आला तो कॅज्युअल्टीत. अडीच वर्षांचा, वजन साडेआठ किलो, अंगात ताप, आणि श्वास खोल, जलद. छातीत काही नव्हतं. रक्तात आम्ल साठलं की मूल असा श्वास घेतं. मधल्या काळात त्याला चार वेळा ताप येऊन गेला होता, चारही वेळा अँटिबायोटिकची बाटली मिळाली होती. एकदाही लघवी तपासली नव्हती. ताप म्हटलं की डेंग्यू, टायफॉईड सगळं रक्तातून बघतात. लहान मुलाची लघवी बाटलीत धरायला अर्धा तास बसावं लागतं, तेवढा धीर कुणाला नसतो. किडनी किती काम करते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन ३.१ होतं. या वयात ते ०.५ च्या आत असायला हवं.

यावेळी पोटावर हात ठेवला. बेंबीखाली कैरीएवढा कडक गोळा. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या सुजलेल्या, मूत्रवाहिन्या बोटाएवढ्या जाड, आणि मूत्राशयाखालचा मार्ग फुगून जुन्या कुलपाच्या भोकासारखा दिसत होता.

याला पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात. मूत्रमार्गाच्या सुरुवातीला पातळ पडद्याच्या घड्या असतात, गर्भापासूनच. लघवी बाहेर निघाली की त्या फुगतात आणि वाट अडवतात. मूत्राशय जोर लावून लावून जाड होतं, दाब उलटा किडनीपर्यंत जातो. हा आजार फक्त मुलग्यांना होतो, त्यामुळे आपल्याकडे एक वेगळाच पेच आहे: गर्भाच्या सोनोग्राफीत संशय आला तरी रिपोर्टवर हे नाव लिहिता येत नाही, कारण लिहिलं की लिंग सांगितल्यासारखं होतं आणि १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. म्हणून ‘मूत्रमार्गात अडथळा’ असं मोघम लिहितात. तो कायदा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते मोघम वाक्य वाचून बाळ जन्मल्याबरोबर त्याला आमच्याकडे, म्हणजे लहान मुलांच्या सर्जनकडे, पाठवायचं असतं, हे प्रसूती करणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं. या बाळाच्या पाचव्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये तेवढंही नव्हतं. काही व्हॉल्व्ह तेव्हा दिसतच नाहीत. नंतरची सोनोग्राफी झाली नव्हती.

रात्री अकराला नळी घालायला घेतली. सहा नंबरची फीडिंग ट्यूब, म्हणजे दोन मिलिमीटर. फुग्याची कॅथेटर मी अशा मुलांना घालत नाही. तो फुगा जाड मूत्राशयाला चिडवतो, ते आवळतं आणि वरून येणाऱ्या मूत्रवाहिन्यांची तोंडं दाबली जातात. रेसिडेंटने दोनदा प्रयत्न केला. नळी सहज आत जाते, पण लघवी येत नाही, कारण ती फुगलेल्या भागातच वेटोळं करून बसते. गुदद्वारातून करंगळीने टोक वर उचललं तेव्हा ती मूत्राशयात शिरली. मग लघवी थांबेना. तुंबलेल्या किडन्या मोकळ्या झाल्या की पाणी आणि मीठ धरून ठेवू शकत नाहीत. तासाला जेवढं जातं त्या हिशोबाने सलाईन द्यावं लागतं. रात्रपाळीच्या सिस्टरने एकही तास न चुकवता माप लिहिलं. मूल त्या रात्री तिने राखलं.

सातव्या दिवशी, क्रिएटिनिन १.६ वर आल्यावर, ऑपरेशन. आठ नंबरची दुर्बीण मूत्राशयापर्यंत न्यायची आणि हळूहळू मागे घ्यायची. मग सहकाऱ्याला पोट दाबायला सांगायचं. दाब आला की ते पडदे होडीच्या शिडासारखे भरतात. घड्याळाच्या पाच, सात आणि बारावर बारीक तारेने जाळायचे, तेही फक्त पडदा. लघवी धरून ठेवणारा स्नायू तिथून काही मिलिमीटरवर असतो. त्याला धक्का लागला तर मूल जन्मभर ओलं राहतं. प्रत्यक्ष जाळणं दोन मिनिटांचं काम. दुर्बीण काढून पोट पुन्हा दाबलं, तर धार उसळून टेबलाच्या कडेपलीकडे गेली.

तेवढ्यासाठी मी हे काम करते. पण त्या दिवशी मला बरं वाटलं नाही.

आज त्याचं क्रिएटिनिन १.२ आहे. सोड्याच्या गोळ्या, मूत्राशय सैल ठेवायचं औषध, आणि दर तीन तासांनी दोनदा लघवी: एकदा करायची, पाच मिनिटं खेळायचं, पुन्हा करायची. वाढत्या वयात या किडन्या पुरणार नाहीत अशी मला भीती आहे. माझे नेफ्रॉलॉजिस्ट मित्र म्हणतात, बरीचशी हानी पोटात असतानाच झालेली असते. खरं आहे. पण त्यातली किती जन्माआधीची आणि किती माझ्या सोळा महिन्यांतली, हे वेगळं करून सांगणारी तपासणी नाही.

पहिल्या भेटीचा केसपेपर मी शोधून काढला. ‘फिजिऑलॉजिकल (नैसर्गिक) फायमोसिस. पालकांना धीर दिला.’ निदान बरोबर होतं. आजींचं वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन मी त्यांना सांगितलं, तुम्ही तेव्हाच बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आई माझ्याकडे बघत राहिली. आजी नातवाच्या पायावरचं पांघरूण सारखं करत होत्या.

“सांगितलं हुतं खरं,” त्या म्हणाल्या. “पर पुन्यांदा आणाया पायजे हुतं. आमीच आणलं न्हाई.”

कधी आणायचं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. केसपेपरवर पुढच्या तारखेची जागा कोरी आहे.