जाई पाण्यात बसते तेव्हा

बडोद्याच्या मे महिन्यात कुणी पाण्यात जाऊन बसलं तर त्याला कारण विचारायची पद्धत नाही. पारा बेचाळीसच्या पुढे, विश्वामित्रीचं पात्र आटलेलं, दुपारी रावपुऱ्यातून चालायची सोय नाही. म्हणूनच इथे साप पाळणाऱ्यांची एका बाबतीत हमखास गफलत होते. साप पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसला की घरातले म्हणतात, उकडतंय बिचाऱ्याला. भांड्यात आणखी गार पाणी ओततात आणि निश्चिंत होतात. ते पाणी जरा उजेडात नेऊन बघा, एवढंच सांगायला आज लिहिते आहे.

जाई ही माझी बॉल पायथन. मूळची पश्चिम आफ्रिकेतली अजगराची जात, पण हिचा जन्म पिंजऱ्यातलाच. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंदणी केलेली आहे. हे आधीच सांगते, कारण ‘ताई, आम्हाला शेतात धामण सापडलीय, ठेवू का?’ असे फोन मला येतात. नाही, ठेवायची नाही. धामण, नाग, मांडूळ, अजगर, आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. सर्पमित्राला नाहीतर वनखात्याला कळवा.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर रक्त, लघवी, शौच हेच बघायचं, त्यामुळे पाण्यात काय तरंगतंय हे पाहण्याची डोळ्यांना सवयच आहे. जाई संध्याकाळीही भांड्यातून बाहेर येईना तेव्हा पहिल्यांदा थर्मामीटर बघितला. पेटीच्या गार बाजूला २७, उबदार बाजूला ३१. म्हणजे उकाड्याचा प्रश्न नव्हता. कात टाकायची वेळ जवळ आली की साप पाणी शोधतो खरा, पण तेव्हा डोळे दुधाळ दिसतात. जाईचे स्वच्छ काळे होते. मग भांड्यातलं पाणी पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीत ओतलं. तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके होते आणि त्यातले काही चालत होते.

सासूबाई मागे उभ्या होत्या. ‘अगं, धूळ असेल.’ मी सासऱ्यांचं पेपर वाचायचं भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पाय आहेत गं याला.’

आठ पाय. सापांवरचा हा माइट, म्हणजे रक्त पिणारा बारीक परजीवी, शास्त्रीय नाव ओफिओनिसस नॅट्रिसिस. जेमतेम मिलिमीटरभर, उपाशी असताना पिवळसर, रक्त प्याला की काळसर लाल. तो खवल्यांच्या सांध्यांत शिरतो. त्याच्या आवडीच्या जागा म्हणजे डोळ्याभोवतीची खोबण, हनुवटीखालची घडी, ओठांवरचे उष्णता ओळखणारे खड्डे आणि शेपटीच्या मुळाशी अवस्कराची, म्हणजे मलमूत्र बाहेर पडण्याची फट. अंगावर राखेसारखी पांढरी भुकटी दिसली तर ती त्याची विष्ठा. पाण्यात बसून सापाला तात्पुरतं बरं वाटतं, अंगावरचे काही माइट बुडतातही. डोळ्याभोवतीचे मात्र बुडत नाहीत, कारण साप श्वासासाठी डोकं वरच ठेवतो. ते तिथे सुखरूप बसून राहतात.

खरी मेख पुढे आहे आणि तिथेच बहुतेक जण हरतात. माइट सापावर राहतो तो जेवणापुरता. मादी पोट भरलं की खाली उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत अंडी घालते. पेटीच्या झाकणाची खाच, लाकडी ओंडक्याची भेग, तापमानाच्या वायरमागची जागा, असं कुठेही. एक मादी आयुष्यात साठ-ऐंशी अंडी घालू शकते. अंड्यातून निघालेली अळी रक्त पीत नाही. पुढच्या अवस्थेत गेल्यावर पिते. आपल्या हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास दोन-अडीच आठवड्यांत उरकतो आणि मधल्या अवस्थेतलं पिल्लू काही न खाता महिनाभरही तग धरू शकतं. म्हणजे तुम्ही साप कितीही स्वच्छ पुसा, पेटी तशीच असली तर पुढच्या पंधरवड्यात सगळं पुन्हा सुरू. औषध सापापेक्षा पेटीला जास्त लागतं.

पेटीतलं सगळं बाहेर काढलं. नारळाचा भुसा, साल, सजावट पिशवीत बांधून थेट कचऱ्यात. भुश्याऐवजी कोरा छपाईचा कागद अंथरला, त्यावर काळा ठिपका लगेच दिसतो. लपायला पुठ्ठ्याचा खोका ठेवला, आठवड्याला बदलायचा. प्लॅस्टिकची पेटी उकळत्या पाण्याने धुतली, फटींवर जुना टूथब्रश फिरवला. मग बडोद्याचं ऊन कामाला आलं. पन्नास अंशांच्या वर हे माइट आणि त्यांची अंडी टिकत नाहीत, कोरडेपणाही अंड्यांना सोसत नाही. आमच्या गच्चीवर मे महिन्याच्या दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. रिकामी पेटी आणि भांडी दुपारभर तिथे उलटी टाकली. सासूबाईंच्या कुरडया त्याच गच्चीवर वाळत होत्या, त्यामुळे जागेवरून थोडी बोलणी झाली. पेटी पाण्याच्या टाकीपलीकडे गेली.

सापासाठीचं औषध डॉक्टरांनीच ठरवायचं, यावर मी हटून बसणार आहे. आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले डॉक्टर आपल्याकडे बरेच आहेत, पण सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर विचारून शोधावा लागतो. जाईला फिप्रोनिल हे कीटकनाशक दिलं, तेही थेट फवारून नाही. कापडावर घेऊन अंगावरून पुसायचं, डोळे आणि तोंड सोडून. त्या वेळी पाण्याचं भांडं काढून ठेवायचं आणि वास पूर्ण उडाल्याशिवाय पेटी बंद करायची नाही. डोळ्याभोवतीचे माइट कापसाच्या काडीला किंचित तेल लावून एकेक टिपले. हे काम दोघांनी करावं, एकाने साप धरायचा, दुसऱ्याने टिपायचं. मी टिपत होते, नवऱ्याने धरलं होतं. त्यांनी दर वेळी फक्त ‘झालं का?’ एवढंच विचारलं, पण हात हलू दिला नाही.

काय करू नये हे मात्र कळकळीने सांगते. गुरांच्या गोचिडांचं औषध ‘थोडं पातळ करून’ सापावर ओतू नका. पेटीत डांबराच्या गोळ्या, कापूर, डासांचं लिक्विड ठेवू नका. बंद पेटीतल्या सापाला ती हवा सोडून जायला दुसरी जागा नसते. आणि कुणी आयव्हरमेक्टिन सुचवलं, तर घरात कासव आहे का ते आधी डॉक्टरांना सांगा. कासवाला ते औषध जीवघेणं ठरतं.

हे सगळं प्रौढ माइट दिसेनासे झाल्यावर थांबवायचं नसतं. शेवटचा ठिपका दिसल्यानंतरही सहा आठवडे कागद बदलत राहायचा, पेटी धूत राहायची. कंटाळा येतो. पण माइट नुसतं रक्त पीत नाही, त्याच्यामार्फत एरोमोनास जातीचे जिवाणू पसरतात आणि लहान साप तर रक्त कमी होऊनच मरतो. घरातल्यांनाही तो चावतो. मनगटावर खाजणारे लाल पुरळ उठले तर पेटीकडे बघा.

आता गोचीड. माइटसारखी ती शोधावी लागत नाही. खवल्याच्या कडेखाली चपटा, तपकिरी, खवल्याएवढाच दाणा दिसतो. इथल्या एका सर्पमित्राने पावसाळ्यात पकडलेल्या धामणीच्या मानेवर अशा गोचिडी मला दाखवल्या होत्या. ‘बेन, आ जुओ,’ (ताई, हे बघा) म्हणत त्याने एकेक खवला बोटाने उचलला. आपल्याकडच्या सापांवर आणि घोरपडीवर अँब्लिओमा गर्वेसी ही जात सापडते. आफ्रिकेतून येणाऱ्या बॉल पायथनवर तिचीच भावंडं असतात. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी लागून धरायची, न पिळता, सावकाश, सरळ ओढायची आणि जागेवर पोव्हिडोन आयोडीन लावायचं. रॉकेल, तेल, पेटती काडी यांतलं काहीही नको, त्याने गोचीड सुटण्याऐवजी आपली लाळ जखमेत ओकते. काढलेली गोचीड बोटाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका.

पण मला गोचिडीबद्दल वेगळंच म्हणायचं आहे. पिंजऱ्यात जन्मलेल्या, पिंजऱ्यातच वाढलेल्या सापावर गोचीड सहसा नसते. नव्या बॉल पायथनच्या अंगावर ती निघाली तर विक्रेत्याने दाखवलेल्या कागदांवर विश्वास ठेवू नका. तो साप घाना, टोगो किंवा बेनिनच्या रानातून उचलून आणलेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि मग त्याच्या पोटातही काय काय असेल सांगता येत नाही. असा साप दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. आधी घरच्या सापाचं करा, शेवटी नव्याचं, आणि नव्याला हात लावून पुन्हा जुन्याकडे जाऊ नका.

पोटातल्या परजीवींचा विषय माझ्या टेबलावरचा, म्हणून तो सोडवत नाही. सापाच्या शौचाची स्लाइड माणसांच्या लॅबमध्ये दिली तर रिपोर्टवर कधी कधी ‘माइट’ किंवा जंतांची अंडी असं येतं आणि मालक घाबरतो. ते अनेकदा खाल्लेल्या उंदराचं असतं. उंदराच्या केसांतले माइट आणि त्याच्या आतड्यातल्या जंतांची अंडी सापाच्या पोटातून तशीच बाहेर येतात, सापाला त्यांची बाधा नसते. उलट क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशी परजीवी साध्या स्लाइडवर निसटतो. साप खाल्लेलं वारंवार ओकत असेल आणि शरीराच्या मध्यावर फुगवटा हाताला लागत असेल, तर ॲसिड-फास्ट स्टेन करायला सांगा. टीबीचे जंतू शोधतो त्याच जातीचं हे रंगकाम आहे, जवळपास प्रत्येक लॅबला जमतं.

नमुना त्याच दिवशी आणा, रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत, फ्रीजमध्ये ठेवलात तरी चालेल, बर्फ होऊ देऊ नका. युरेटचा, म्हणजे सापाच्या घट्ट लघवीचा पांढरा खडा नको, तपकिरी भाग हवा. आणि डबीवर एवढं लिहा: सापाची जात, शेवटचं खाणं कधी दिलं, उंदीर जिवंत होता की गोठवलेला, आणि कात कधी टाकली.