सगळे झोपल्यावर ट्रिप होणारा ट्रान्सफॉर्मर

नाईट शिफ्टला होतो आणि एका मोठ्या सोसायटीची तक्रार आलेली, की रोज मध्यरात्रीनंतर लाईट जाते. संध्याकाळी एसी, लिफ्ट, पंप सगळं जोरात चालू असताना काही होत नाही आणि लोक झोपले की मेन ब्रेकर उडतो, असं कसं? आधी आलेल्या टीमने केबल मेगर करून (इन्सुलेशन तपासून) पाहिली, ब्रेकर तपासला, सगळं ओके. मला आपला पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरवर संशय, म्हणून बाराच्या आधीच पॅनलसमोर जाऊन बसलो.

ट्रान्सफॉर्मर 630 केव्हीएचा, म्हणजे एका फेजला फुल लोड साधारण 840 अँपिअर. पावणेबाराला आर फेजवर (आर, वाय, बी अशा तीन फेजपैकी एक) 290 दिसत होते, एकदम निवांत. बाराला रात्रीचा स्वस्त दर चालू होतो आणि इथल्या सगळ्यांनी गाडीच्या ॲपमध्ये चार्जिंगचा टायमर बरोबर 12 ला लावलेला. बारा वाजले आणि माझ्यासमोर डिस्प्लेवरचा आकडा 290 वरून 500, 700, 850 करत मिनिटभरात 990 ला जाऊन टेकला, आणि ट्रान्सफॉर्मरचा आवाज बाहेरूनही बदललेला कळत होता. वाय फेज 560, बी 530, न्यूट्रलमध्येच (तिन्ही फेजची परतीची सामायिक तार, फेज समान असले की जवळपास रिकामी) साडेचारशेच्या आसपास! दहाएक मिनिटांत ओव्हरलोडवर ट्रिप.

वायरमन म्हणाला, "साहेब, लगेच चालू करू का?" म्हटलं कर, बघूया. तर लाईट येताच थांबलेले सगळे चार्जर परत एकदम चालू, आणि या वेळी ब्रेकर आणखी लवकर उडाला, कारण आधीची गरमी त्याच्या रिलीजच्या (ओव्हरलोड झाला की ब्रेकर पाडणाऱ्या भागाच्या) हिशोबात असतेच. मग खाली जाऊन चार्जरचे एमसीबी बंद करायला लावले आणि थोडे थोडे करून सोडले, तेव्हा कुठे सप्लाय टिकला.

टॉर्च घेऊन वायरिंग बघितलं. घरगुती चार्जर सिंगल फेज, 7.4 किलोवॅट, एकेक 32 अँपिअर ओढतो. असे 22 आर फेजवर, वायवर 9, बीवर 8. ज्याला जो फेज जवळ पडला तो जोडला, बाकी कोणी विचार केला नाही.

तोवर सेक्रेटरी खाली आले, ट्रान्सफॉर्मर मोठा करून द्या म्हणाले. मी म्हटलं, काका, गाडी दिवसाला 40 किलोमीटर पळाली तर सहाएक युनिट लागतात, चार्जरचं तासाभराचंही काम नाही, अख्खी रात्र पडलीय. वीज कमी नाहीये, सगळे एकाच मिनिटाला मागताय. घराघरातले गीझर कधी एका ठोक्याला चालू होत नाहीत, त्या भरवशावरच तर आपले ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात, आणि टायमरने नेमका तोच भरवसा मोडला. (स्वस्त दर ठेवला पीक लोड, म्हणजे एकाच वेळची सर्वाधिक मागणी, कमी करायला आणि झाला नवाच पीक लोड, दर ठरवणाऱ्यांनी एक रात्र पॅनलसमोर काढावी असं मला फार वाटतं.) ब्रिटनमध्ये 2022 पासून नवीन घरगुती स्मार्ट चार्जरला रँडम डिले (प्रत्येक चार्जर वेगवेगळ्या उशिराने सुरू होणं) नियमानेच लागतो, डिफॉल्ट 10 मिनिटांपर्यंतचा, म्हणजे हा त्रास फक्त आपल्याच वाट्याला आलाय असं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक फेजवर 13-13 चार्जर करून घेतले आणि टायमर विंगप्रमाणे पुढे-मागे लावायला सांगितले. एक विंग अजून अडून बसलीय, आमचाच नंबर पहिला का नाही म्हणून. पण फेज बॅलन्स झाल्यामुळे सगळे एकदम लागले तरी आर फेज 700 च्या आसपास थांबतो, तेव्हा त्यांचं भांडण त्यांनी निवांत मीटिंगमध्ये करावं.