हात नको, राळं चालेल

आमच्या कॉकाटीलचं, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाचं, नाव बर्फी. घरी आणली तेव्हा ती "तो" होती, ते पुढे येईलच.

बर्फीच्या आधी एक पिल्लू आणलं होतं, जेमतेम तीन आठवड्यांचं, अंगावर पिसं कमी आणि काटेच जास्त. दुकानदार म्हणाला, ताई हाताने भरवा, जन्मभर खांद्यावर बसेल. त्याने हे नाही सांगितलं की फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांना भरवायचं पातळ खाणं, ४० डिग्रीच्या आसपासच लागतो, जास्त गरम झाला तर गळ्याखालची पिशवी आतून भाजते आणि गार झाला तर तो तिथेच पडून आंबतो. मी आपली बाळाच्या दुधासारखा मनगटावर थेंब टाकून बघत होते. पाचव्या दिवशी सकाळी पिशवी रात्रीएवढीच टम्म, आणि पक्ष्यांचा डॉक्टर सापडेपर्यंत दुपार झाली. गेलं. थर्मामीटर घ्यायला मला कितीसे पैसे लागले असते.

म्हणून दुसऱ्या वेळी आईबापांनी वाढवलेलं, स्वतः दाणे खाणारं तीन महिन्यांचं पाखरू आणलं. सगळे म्हणाले हे आता माणसाळणार नाही, आणि पहिला आठवडा मलाही तेच वाटत होतं. पिंजऱ्याजवळ गेलं की नागासारखं डोलायचं आणि फुस्स करायचं. कॉकाटीलचा तुरा बघायला शिका हो, तुरा डोक्याला चिकटलेला आणि चोच उघडी म्हणजे लांब राहा, एकदम ताठ म्हणजे दचकलाय, थोडासा मागे कललेला म्हणजे निवांत.

मी काय केलं तर काहीच नाही, पिंजरा हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवला आणि शेजारी बसून ऑफिसचं काम करत राहिले, मीटिंगमधली माझी बडबड त्याने फुकट ऐकली. मग राळ्याचं कणीस गजांमधून धरायचं, आधी लांब देठाने, मग रोज थोडं आखूड. बाराव्या दिवशी चोच माझ्या नखाला लागली आणि मी श्वास धरून बसले. त्यानंतर पिंजऱ्यात हात, हातात कणीस, हात हलवायचा नाही, खांदा भरून आला तरी. बोट पोटाला, पायांच्या जरा वर टेकवलं की तो आपोआप पाय उचलतो. चावला तर हात झटकायचा नाही हे सांगायला सोपं आहे, पण झटकला की त्याला कळतं, चावलं की हात जातो.

मधे एकदा भावाने "असं धरायचं असतं" म्हणत टॉवेलात पकडला आणि माझे आठ दिवस पाण्यात गेले. भाऊ अजून म्हणतो मी मदत केली.

आजीला हे सगळं थेर वाटतं. तिच्या माहेरी ओसरीवर हिरवा पोपट असायचा, त्याला मिरची आणि भिजवलेली डाळ दिली की झालं. तिला सांगितलं की आपले देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हा ऑस्ट्रेलियाचा आहे म्हणून चालतो. "मग याला मिठू म्हणू नको का?" म्हणाली, आणि मिठूच म्हणते.

रात्री मात्र छोटा दिवा लागतोच. एकदा लाईट गेली, अंधारात कशाला तरी घाबरून तो पिंजऱ्यात असा आपटला की सकाळी खाली रक्त आणि पिसं. आणि नॉनस्टिक तवा मी माळ्यावर टाकलाय, जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत जातो.

आता "तो" चं. दुकानदार म्हणालेला शंभर टक्के नर. लहानपणी करडी पाखरं सगळी मादीसारखीच दिसतात, पहिली पिसं झडली की नराचा चेहरा पिवळाधम्मक होतो. आमचा काही होईना, शीळही वाजवेना, आणि एक दिवस कपाटाखालच्या पेपरवर अंडं. मी धावत काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस, म्हणजे माकुळाचं कॅल्शियमवालं हाड, आणला, अंड्यांनी कॅल्शियम ओढलं जातं म्हणून. नर नसल्यामुळे अंड्यातून पिल्लू येणार नाहीच, पण लगेच काढलं तर अजून घालत बसते, म्हणून तिचं मन भरेपर्यंत राहू दिलं.

आजी सगळ्यांना फोन करून सांगत होती, आमचा मिठू अंड्यावर बसलाय.