रिबेचा खांब

आज मैत्रिणीसोबत रिबेला जाऊन आले. डेन्मार्कमधलं सगळ्यात जुनं गाव. आठव्या शतकात इथे व्यापाऱ्यांचा बाजार भरायचा. दगडी गल्ल्या, एकमेकींना टेकून उभी असलेली लाकडी चौकटीची घरं. कॅथेड्रलच्या बुरुजावर चढलो. वरून सपाट हिरवी कुरणं, कुठे टेकडी म्हणून नाही. पाय मात्र भरून आले.

पण माझं मन अडकलं ते नदीकाठच्या धक्क्यावरच्या एका खांबात. समुद्राला उधाण येऊन गावात पाणी शिरलं, त्या त्या वर्षीची खूण म्हणून त्याला कडी बसवली आहेत. सगळ्यात वरचं कडं १६३४ चं. मान पूर्ण वर करून बघावं लागतं. त्या ऑक्टोबरच्या रात्री पाणी कॅथेड्रलमध्येही शिरलं होतं.

मी खांबाला हात लावून बराच वेळ उभी. मैत्रीण म्हणाली, "काय झालं गं?" तिला फोनमधला फोटो दाखवला. सांगलीतलं आमचं घर, २०१९ चा पूर ओसरल्यावरचं. भिंतीवर खिडकीच्या वर चिखलाची सरळ रेघ. बाबांनी नंतर अख्खं घर रंगवलं, तेवढी रेघ ठेवली.

ती काही बोलली नाही. माझा हात धरला, आणि आम्ही तिथेच धक्क्यावर बसून डबा खाल्ला.